पैसे गेले, तिकीट नाही. मग दोष कोणाचा?

सकाळचे आठ वाजून गेलेत. डोंबिवलीत स्थानकाकडे जाताना एक गृहस्थ चालता चालताच तिकिटाचे ॲप उघडतात. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच मुंबई गाठायची असते, म्हणून पास काढलेला नाही. ॲपने रात्रीतून नवे रूप घेतले आहे. अंगठा सवयीने जिथे जातो तिथले बटण आता तिथे नाही. आधी नवा पिन ठेवा, मग लोकेशन चालू करा, मग स्थानक निवडा. शेवटी यूपीआयचे ॲप उघडते, पैसे भरले जातात, आणि परत आल्यावर पडद्यावर एक गोल नुसता फिरत राहतो. बँकेचा मेसेज मात्र लगेच येतो: खात्यातून रक्कम वजा. एवढ्यात ते पादचारी पुलावर पोचतात आणि खाली फास्ट लागते. मागून लोंढा येतो आणि गृहस्थ डब्यात ढकलले जातात. ठाण्याला टीसी चढतो.

हा माणूस विनातिकीट आहे का?

पैसे त्याने दिलेत, फसवायचा विचार त्याच्या मनाला शिवलेला नाही, आणि तरी हातात तिकीट नाही. टीसीला बँकेचा मेसेज दाखवून भागत नाही, कारण मेसेजवर ना कुठून ना कुठे, ना वर्ग. शेजारचे प्रवासी दोन तट पाडून वाद घालू लागतात. एक म्हणतो, ‘अहो, बिचाऱ्याने पैसे भरलेत.’ दुसरा म्हणतो, ‘उद्या सगळेच असं म्हणतील.’ हा वाद लोकलपेक्षा फार जुना आहे. माणसाचे कृत्य त्याच्या हेतूवरून तोलायचे की कृत्य ज्या रूपात उभे राहिले त्यावरून, हा धर्मविचारातला एक मूळ प्रश्न आहे. भारतात यज्ञवेदीपासून विहारापर्यंत त्यावर कडाक्याचे वाद झाले आहेत.

मुंबईच्या लोकल प्रवाशाने तिकिटाची कितीतरी रूपे पाहिली. जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट गेले, संगणकावर छापलेले आले. कूपनच्या पुस्तिका आल्या, त्यांवर शिक्का उमटवणारी यंत्रे आली आणि गेलीही. स्मार्टकार्डवर चालणारी एटीव्हीएम आली. 2015 मध्ये यूटीएस ॲपवर कागदाविना तिकीट सुरू झाले. 1 जुलै 2025 रोजी रेल्वेने ‘रेलवन’ हे नवे ॲप आणले आणि आरक्षित, अनारक्षित, प्लॅटफॉर्म अशी सगळी तिकिटे एका छताखाली घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोकल, मेट्रो, मोनो आणि बस मिळून 11 सेवांसाठी ‘मुंबई वन’ आले. प्रत्येक बदलामागे सोयीचा हिशेब होता आणि रांगा खरोखरच कमी झाल्या. पण दर वेळी प्रवाशाचा प्रामाणिकपणा सिद्ध करण्याची रीतही बदलली, आणि ती नव्याने शिकण्याचे काम प्रवाशाकडे आले.

या रीतीत संशय किती बारकाईने विणलेला आहे ते ‘जिओफेन्सिंग’मध्ये दिसते. कागदाविना तिकीट रुळांपासून ठरावीक अंतराच्या आत काढता येत नाही. कारण उघड आहे. तशी मुभा असती तर लोक फुकट प्रवास करत राहिले असते आणि पुढच्या डब्यात टीसी दिसला की खिशातून फोन काढला असता. यंत्राला मनातले कळत नाही, म्हणून त्याने हेतू मीटरमध्ये मोजायचे ठरवले: रुळांपासून दूर आहे तो प्रामाणिक, रुळांजवळ आहे तो संशयित. आत येऊन गेलेल्यांसाठी स्थानकात क्यूआर कोड लावले गेले, तर काहींनी त्या कोडचा फोटोच मोबाइलमध्ये जपून ठेवला आणि टीसी दिसताच तो स्कॅन करू लागले. 2025च्या अखेरीस तर एआयच्या मदतीने बनवलेले हुबेहूब खोटे पासही पकडले गेले. त्यात रूप शंभर नंबरी होते, खोट होती ती नियतीत. डोंबिवलीच्या गृहस्थांचे नेमके उलटे: नियत शाबूत, रूप अपुरे.

रूपावर एवढा भर देणाऱ्या या व्यवस्थेचा जन्म एका धार्मिक माणसाच्या हातून व्हावा, ही गंमतच आहे. थॉमस एडमंडसन हा इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा, फर्निचर बनवणारा कारागीर. धंद्यात दिवाळे निघाले म्हणून 1836च्या सुमारास तो न्यूकॅसल ते कार्लाईल या रेल्वेवर मिल्टन स्थानकात नोकरीला लागला. तेव्हा प्रत्येक प्रवाशाचे तिकीट कारकून हाताने लिहीत असे. वेळ जाई, आणि कारकुनाने किती पैसे घेतले आणि किती जमा केले याचा पडताळा राहत नसे. एडमंडसनने छापील, अनुक्रमांक असलेली पुठ्ठ्याची तिकिटे काढली आणि त्यांवर तारीख उमटवणारे यंत्र तयार केले. दिवसअखेर क्रमांक पाहिले की हिशेब लागे. रेल्वे कंपन्यांकडून तो मैलामागे वर्षाला दहा शिलिंग घेई, आणि त्या कमाईतून त्याने जुन्या सावकारांची देणी फेडली. ती फेडायला कायद्याने तो बांधलेला नव्हता.

हा एडमंडसन क्वेकर पंथाचा होता. क्वेकर मंडळी न्यायालयातही शपथ घेत नसत. एरवीचे बोलणे खरेच असेल तर शपथेची गरज काय, असा त्यांचा सवाल. शब्दाला एवढे मोल देणाऱ्या पंथातल्या माणसाने असे साधन घडवले की ज्यापुढे कोणाच्याही शब्दाची गरजच उरली नाही. कारकून म्हणतो म्हणून नव्हे, क्रमांक जुळतो म्हणून हिशेब खरा. पुढे हे पुठ्ठ्याचे तिकीट भारतातही दीडेक शतक चालले.

रूपच सर्वस्व मानले तर काय होते, याची गोष्ट वैदिक वाङ्मयात आहे. इंद्राने त्वष्ट्याच्या मुलाला, विश्वरूपाला मारले. संतापलेल्या त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून अग्नीत आहुती दिली. मंत्र योग्य होता, संकल्पात तसूभरही शंका नव्हती. फक्त उच्चारताना स्वराचा आघात भलत्या जागी पडला आणि अर्थ फिरला: इंद्राला मारणाऱ्याऐवजी इंद्र ज्याला मारील असा वृत्र जन्मला. पतंजलीने महाभाष्यात शुद्ध उच्चाराचे महत्त्व पटवायला हीच गोष्ट घेतली. त्वष्ट्याच्या मनात काय होते हे साऱ्यांना ठाऊक होते, पण विधीने त्याच्या मनाला विचारलेच नाही. पडद्यावरचा फिरणारा गोलही विचारत नाही.

बौद्धांनी हे उलटे केले. बुद्धाने कर्माची व्याख्याच चेतनेवर, म्हणजे हेतूवर उभी केली. मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात जैन गुरू निगंठ नातपुत्ताचा श्रीमंत उपासक उपालि बुद्धाशी वाद घालायला येतो. शरीराने केलेले कर्म सर्वांत जड, असा त्याचा पक्ष. मनाने केलेले सर्वांत जड, असा बुद्धाचा. बौद्ध ग्रंथ असल्याने वाद कोण जिंकतो हे सांगायला नको.

पण जैनांनी त्यांच्या ग्रंथात उट्टे काढले. सूत्रकृतांगात बौद्धाच्या तोंडी एक विचित्र मत घातले आहे: भोपळा समजून कोणी मूल भाजले तर त्याला पाप नाही, आणि मूल समजून भोपळा भाजला तर पाप आहे. आर्द्रक या जैन मुनीला हे ऐकवत नाही. संयमी माणसाने मुळात असली गफलत होऊच का द्यावी, असा त्याच्या उत्तराचा रोख आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातीने प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, अट घातली ती याच जाणिवेतून. ‘माझ्या मनात तसं नव्हतं’ एवढ्याने सुटका नाही; तू पुरेसा सावध होतास का, हेही सांगावे लागेल.

डब्यातल्या वादात हे तिन्ही पक्ष हजर असतात. तिकीट नाही म्हणजे नाही, असे म्हणणारा त्वष्ट्याच्या यज्ञातला. पैसे भरले, मन साफ आहे, असे म्हणणारा बुद्धाकडचा. आणि ‘चढायच्या आधी तिकीट आलं का ते बघायला नको?’ असे म्हणणारी खिडकीतली बाई जैन पक्षाची, तिला त्याची कल्पना असो वा नसो.

रेल्वे कायदा 1989 हा या तिघांनाही थोडी थोडी जागा देतो. कलम 137 फसवण्याच्या हेतूने केलेल्या प्रवासाबद्दल आहे, आणि त्यात शिक्षा तुरुंगवासापर्यंत जाते. कलम 138 हेतूच्या भानगडीत पडत नाही: तिकीट दाखवता आले नाही की भाडे आणि त्यावर जादा आकार, किमान 250 रुपये. डोंबिवलीच्या गृहस्थांना लागू होते ते हे दुसरे. त्यांना कोणी चोर म्हणत नाही, फक्त पैसे घेते.

या कलमांच्या आड एक खिडकी आहे, ती मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. कलम 55 सांगते की डब्यात बसायला तिकीट किंवा पास हवा, नाहीतर अधिकार दिलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी हवी. तशी परवानगी घेतल्याचा दाखला प्रवाशाकडे असेल तर कलम 138चा जादा आकार लागत नाही, नुसते भाडे लागते. म्हणजे हेतू ऐकून घ्यायला कायदा तयार आहे. अट एवढीच, की पकडले जाण्यापूर्वी आपणहून सांगितले पाहिजे. लांब पल्ल्याच्या गाडीत जुने प्रवासी गार्डकडून असा दाखला घेत. लोकलचे काय? गार्ड, ज्यांना 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, शेवटच्या डब्यात असतात, आणि गाडी थांबते जेमतेम अर्धा मिनिट. पुलावरून उतरून, गर्दी कापत प्लॅटफॉर्मचे टोक गाठून ‘साहेब, माझे पैसे गेले पण तिकीट आले नाही’ असे सांगेपर्यंत गाडी पुढच्या स्थानकात पोचलेली असेल.

खिडकीतल्या बाईचा सवाल इथे वेगळ्या दिशेने वळवावा लागतो. बेसावध कोण होते? प्रवाशाने तिकीट तपासले नाही हा प्रमाद खरा. पण पैसे गेल्यानंतर आणि तिकीट येण्यापूर्वी काय करायचे, याचे बटण नव्या ॲपच्या आखणीत कोणी ठेवले नसेल, तर तो प्रमाद आखणाऱ्याचा. पैशापुरती ही सावधगिरी बँक व्यवस्थेने बाळगली आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेला यूपीआय भरणा असा अर्धवट राहिला, तर रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. रक्कम परत मिळेलही; पण ठाण्याच्या टीसीसमोर मान खाली घालावी लागते, त्याची तरतूद कुठल्या परिपत्रकात नाही.

गंमत अशी, की स्वराच्या एका चुकीने अनर्थ होतो असे मानणाऱ्या त्याच यज्ञपरंपरेने चुकीची सोयही करून ठेवली होती. श्रौतयज्ञात होता, अध्वर्यू, उद्गाता आपापले काम करत असताना चौथा ऋत्विज, ब्रह्मा, दक्षिणेकडे मौन धरून बसतो. त्याने काही म्हणायचे नसते. कोणाचे काय चुकते आहे यावर लक्ष ठेवायचे आणि चुकले की प्रायश्चित्ताची आहुती देऊन यज्ञ सांधायचा. छांदोग्य उपनिषदाने त्याच्या या मौनाची थोरवी सांगितली आहे. घरच्या सत्यनारायणातही गुरुजी शेवटी यजमानाकडून क्षमा मागवून घेतात: मंत्रात, क्रियेत किंवा भक्तीत काही उणे राहिले असेल तर ते पुरे मानून घ्यावे, अशी. रूपाबद्दल इतके काटेकोर असणाऱ्यांनाही ठाऊक होते की माणसाच्या हातून रूप चुकणारच, आणि ती चूक सांधणारा तिथेच, चालू कर्मात हजर हवा. दुसऱ्या दिवशी तक्रार खिडकीवर बसून त्याचा उपयोग नाही.

तिकिटाच्या ॲपमध्ये ब्रह्म्याची ही जागा भरणे अवघड नाही. प्रत्येक यूपीआय भरण्याला 12 अंकी क्रमांक असतो आणि वेळेची नोंद असते. पैसे कापले गेले पण तिकीट आले नाही, हे प्रवाशाने ॲपवर कळवले आणि त्या क्षणाची नोंद टीसीच्या हातातल्या यंत्रावर दिसली, तर कलम 55 मधला दाखला गार्डच्या डब्यापर्यंत न धावताही मिळू शकतो. टीसीला एवढेच पाहायचे उरेल की नोंद त्याच्या तपासणीच्या आधीची आहे की नंतरची. लबाड लोक मुद्दाम भरणे अर्धवट सोडतील, हा आक्षेप रास्त आहे. क्यूआरच्या फोटोचा अनुभव ताजा आहे. पण कोणाच्या नावावर अशा नोंदी वारंवार पडतात ते यंत्राला सहज मोजता येईल. पहिल्या नोंदीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे मात्र मोजून ठरणार नाही. तो अधिकार टीसीकडे राहू द्यायचा का, आणि त्याने तो वापरला म्हणून वरिष्ठांनी त्याला जाब विचारायचा का, हे आता रेल्वेने ठरवायचे आहे.