लेकरांना हात देऊन उठवूया



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील याईराच्या मुलीची हकिकत आपण अनेकदा ऐकली आहे. मुलगी बारा वर्षांची. बाप सभास्थानाचा अधिकारी. पण लेकरू मरणाच्या दारात असताना तो आपला मान विसरून येशूच्या पाया पडतो. वाटेतच मुलगी गेल्याची बातमी येते. पुढे प्रभू तिला उठवतो आणि आपले सारे लक्ष त्या चमत्काराकडे जाते. आज मात्र त्या घरात प्रभूने केलेल्या साध्या गोष्टींकडे पाहूया. मृताला उठवणे आपल्या हाती नाही. त्या साध्या गोष्टी मात्र आहेत.

आपल्या महाराष्ट्राने थोडी संकटे पाहिलेली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कित्येक मुलांनी ती रात्र आईबापांविना शाळेत काढली. जुलै २०१८ मध्ये आपल्या वसई परिसरात घराघरांत पाणी शिरले. २०२० साली करोना आला आणि अनेक मुलांना आपल्या माणसांचे शेवटचे दर्शनही घेता आले नाही. पाणी ओसरते, पंचनामे होतात, भिंतींना रंग लागतो. मुलांच्या मनात साचलेल्या पाण्याचा पंचनामा मात्र क्वचितच होतो.

पाऊस वाढला की आईचा पदर न सोडणारे, मोठे होऊनही अंथरूण ओले करणारे, पुराचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळणारे मूल लाडावलेले नसते. ते घाबरलेले असते. थोडी मोठी मुले गप्प होतात, चिडतात, अभ्यासात मागे पडतात. त्यांना आपण काय द्यावे?

प्रभूने आधी बापाला धीर दिला. मुलगी अजून दूर होती, पण याईराचे भय त्याने ओळखले. मूल संकट मोजते ते आईबापांच्या चेहऱ्यावरून. बुडालेले दुकान, वाढलेले कर्ज, गेलेली नोकरी यांचा भार बाप एकटाच वाहत राहिला किंवा बाटलीत बुडवू लागला, तर त्या घरातील लेकरू सावरणार कसे? म्हणून आईवडिलांनो, आपले दुःख जोडीदारापाशी, शेजाऱ्यापाशी, धर्मगुरूंपाशी बोला. मदत मागण्यात कमीपणा नाही. याईरानेही ती मागितली.

मग प्रभूने आक्रोश करणाऱ्यांना बाहेर काढले. आपल्या घरातील तो गलका आज दूरदर्शन संचावर आणि मोबाईलवर असतो. वाहून जाणारी घरे दिवसभर दाखवली, तर लहान मुलाला ते संकट पुन्हा पुन्हा येत आहे असेच वाटते. आणि देवाने शिक्षा केली, हे बोलणेही उंबऱ्याबाहेर ठेवूया. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे. मी हट्ट केला म्हणून आजी गेली, असे मनात धरून बसणारी लेकरे असतात. त्यांना जवळ घेऊन सांगावे लागते, "बाळा, यात तुझी काही चूक नाही."

नंतर त्याने मुलीचा हात धरला. हात धरणे म्हणजे जवळ बसणे आणि ऐकणे. रडू नकोस, विसरून जा, असे म्हणून मुलाचे तोंड बंद करू नये. ते चित्र काढून सांगेल, खेळातून सांगेल, तीच गोष्ट दहा वेळा सांगेल, सांगू द्यावे. पुन्हा पूर येणारच नाही, असे खोटे वचनही देऊ नये. त्यापेक्षा पाणी वाढले तर कोणाच्या माळ्यावर जायचे, शाळेतून कोण आणणार, हे ठरवून सांगावे. मेणबत्ती आणि बॅटरी जागेवर ठेवण्याचे काम मुलालाच द्यावे. हाताला काम मिळाले की भीती कमी होते.

शेवटी, मुलीला काही खायला देण्यास प्रभूने सांगितले! एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर गोष्ट जेवणावर आली. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, शाळा, मित्र, संध्याकाळची एकत्र रोझरी: मोडलेल्या मनाला रोजचा हा क्रमच पुन्हा बांधतो. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून शिकवले. त्या लेकरांना शाळा मिळाली, सोबत मिळाली आणि उद्याचा दिवस मिळाला.

आपल्या धर्मग्रामातही हे घडावे. आपत्तीनंतर धान्याची पिशवी पोचवताना त्या घरातील मुलाची विचारपूस करूया. महिना उलटूनही मूल झोपत नसेल, जेवत नसेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे नेऊया. मरणाच्या बोलण्याबाबत तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. उपचार घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

हे प्रभू येशू, याईराच्या घरी तू गेलास तसा आमच्याही घरी ये. आम्हा आईवडिलांचे भय दूर कर आणि आमच्या लेकरांचा हात धरण्यास आम्हाला बळ दे. आमेन.