मौनाची काजळी

कोणत्याही यंत्राच्या निगेंत त्या यंत्राचें नीतिशास्त्र दडलेलें असतें, असें आमचें मत आहे. वाचकांस तें चमत्कारिक वाटेल. म्हणून तितक्याच चमत्कारिक वस्तूचें उदाहरण घेऊन तें तपासून पाहूं. ही वस्तु म्हणजे बंदुकीच्या तोंडाशीं बसवावयाचें ध्वनिशामक नळकांडें. आपल्याकडे सामान्य परवानेदाराच्या हातीं तें सहसा येत नाहीं. परंतु त्याच कुळांतला मोटारीचा सायलेन्सर मात्र कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर पोराबाळांच्याही परिचयाचा आहे.

हें साम्य केवळ नांवाचें नव्हे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन यंत्रज्ञानें १९०९ सालीं बंदुकीच्या ध्वनिशामकाचें पेटंट मिळविलें, आणि एंजिनाचा आवाज दाबण्याच्या साधनांवरही काम केलें. त्याचे वडील सर हायरम मॅक्सिम हे मशीनगनचे जनक. उतारवयांत त्यांची श्रवणशक्ति फार मंद झाली होती. बापानें गडगडाट निर्माण करावा आणि मुलानें तो गिळणारें पात्र घडवावें, असा हा योग आहे.

'गिळणारें' हा शब्द आम्ही जाणून वापरला. गोळीमागून सुटणारे तप्त वायु एकदम मोकळ्या हवेंत उसळले म्हणजे धडाका होतो. नळकांड्याच्या पोटांत एकापुढें एक पडदे असतात व प्रत्येकाच्या मधोमध गोळीपुरतें भोंक असतें. गोळी सरळ निघून जाते. वायु मात्र कप्प्याकप्प्यांत अडखळतात, पसरतात, निवतात आणि मग बाहेर पडतात. तथापि बंदूक मुकी होत नाहीं. सुमारें १६० डेसिबेलचा धडाका २० ते ३० डेसिबेलांनीं उतरतो, इतकेंच. आणि गोळी ध्वनीहून वेगवान असली, तर हवा चिरीत जातांना होणारा तिचा कडकडाट कोणत्याही नळकांड्यास आवरत नाहीं. सारांश, सौम्य होतो तो आवाज, आघात नव्हे.

आतां जें बाहेर पडलें नाहीं, तें गेलें कोठें? त्यांतलें बरेंचसें आंतच राहिलें. दारूची काजळी, न जळलेले कण, तांब्या-शिशाचा लेप, आणि ज्वलनांतील वाफ निवून झालेलें पाणी. म्हणून जाणता मनुष्य, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, काम आटोपतांच नळकांडें उतरवून वाळत ठेवतो. नाहीं तर आंतली ओल नळींत उतरते आणि पोलादास गंज चढतो. नुसत्या शिशाची गोळी उडविणाऱ्या लहान बंदुकीचे पडदे वरचेवर सुटे करून साफ करावे लागतात. जोडाचे आटेही स्वच्छ हवेत. कारण नळकांडें वांकडें बसलें, तर गोळी पडद्यावरच आदळावयाची. कांहीं नळकांडीं मुळीं उघडतच नाहींत. अशांस तराजूंत घालतात. नवेपणींच्या वजनाहून जें अधिक भरेल, तो सांठलेला मळ. जें उघडतां येत नाहीं तें निदान तोलून पाहावें, हा किती शहाणपणाचा नियम आहे!

आणखी एक गोष्ट. शिसें विषारी आहे. कोरडें खरवडलें तर त्याची धूळ श्वासांत जाते; द्रावणांत विरघळविलें तर तें द्रावणच विष होतें व मोरींत ओततां येत नाहीं. धुतलेला मळ नाहींसा होत नाहीं, तो केवळ जागा बदलतो.

यावरून आम्ही जो सिद्धान्त काढतों तो असा : दाबलेल्या प्रत्येक गोंगाटाची काजळी कोठें तरी सांठते, आणि शांततेचें सुख जो भोगतो त्यानें ती स्वतः काढली पाहिजे.

कर्जत तालुक्यांतील माथेरान घ्या. दस्तुरी नाक्यापुढें खाजगी मोटारींस मज्जाव असल्यानें तेथील शांतता प्रसिद्ध आहे, आणि ती राखणें योग्यच आहे. परंतु मोटारीचा आवाज जेथें थांबला, तेथें माणसें वाहून नेण्याचा भार माणसांच्याच खांद्यावर पडला. चढावर रिक्षा ओढणाऱ्याची धाप हीच त्या शांततेची काजळी. ती कित्येक पिढ्या कोणी तोलली नाहीं. २०२२ सालीं विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेस विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हां कोठें तें नळकांडें उघडलें गेलें.

याच माथेरानांत १९१२ सालीं जन्मलेल्या भाई कोतवालांची कथा दुसऱ्या प्रकारच्या शांततेची आहे. परक्या सरकारच्या कागदोपत्रीं 'शांतता व सुव्यवस्था' हे शब्द जोडीनेंच येत. पण ती शांतता दाबून आणलेली होती. १९४२ च्या अखेरीस कोतवालांच्या आझाद दस्त्यानें विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारांत ते व हिराजी पाटील हुतात्मे झाले. ज्यानें आंतला मळ कधीं पाहिला नाहीं, त्यास स्फोट आकस्मिक वाटतो.

कोणी म्हणतील, मग आवाज दाबणेंच पाप कां नव्हे? बंदुकीचा धडाका ही तिची साक्ष आहे; ती पुसावी कशाला? या आक्षेपांत तथ्य आहे. तरीही नेमबाजाचे आणि शेजाऱ्याचे कान वाचविणें हाही धर्मच आहे. मोटारीस सायलेन्सर हवाच, असें कायदाही सांगतो. दोष शमनांत नाहीं; आवाज कमी झाला म्हणून कृत्यही सौम्य झालें, असें मानण्यांत आहे. आवाज असतांना तो आपोआप सावध करीत होता. तो गेल्यावर सावधपणाचें काम कर्त्याकडे येतें.

आपल्या घरांकडेही याच दृष्टीनें पाहावें. जेथें भांडण कधीं ऐकूं येत नाहीं, त्या घराची आपण वाखाणणी करतों. पण तेथें कोणी तरी बोलणें गिळीत असतें; बहुधा ती सून असते, किंवा वृद्ध आश्रित. अशा घरांत कुटुंबप्रमुखानें शांततेचा अभिमान बाळगण्यापूर्वीं एकदां विचारावें कीं, हें नळकांडें शेवटचें केव्हां उघडलें? उघडण्यास कोणी धजत नसेल, तर निदान त्याचें वजन करावें. आणि निघालेला मळ दुसऱ्याच्या मोरींत ओतूं नये.