दोन संकोच

दिवाळी जवळ आली की आमच्या वाशीच्या इमारतीतली मुले आवारात किल्ला करतात. यंदा त्यांच्यात एक नवा मुलगा आला होता. असेल नऊ-दहा वर्षांचा. बाकीची मुले विटा अन् गोणपाट ओढून आणीत होती, आणि हा जिन्यापाशी हातात कागद घेऊन उभा. कागदावर त्याने किल्ला काढला होता. बुरुजाखाली खंदक, खंदकावर पूल. "दाखव की त्यांना," मी म्हटले. तो पुटपुटला, "हसतील हो, काकू."

ते 'हसतील' माझ्या चांगल्या ओळखीचे. शालान्त परीक्षेपुढे माझे शिक्षण गेले नाही, म्हणून पहिल्या कादंबरीची वही मी सात वर्षे डाळीच्या डब्यांमागे लपवून ठेवली होती. हसायला कोणीच आले नव्हते. सगळ्यांच्या वाटणीचे मीच आगाऊ हसून घेत होते.

आणि गंमत अशी, की ज्या शहरात हा मुलगा संकोचत होता, ते शहरही एकदा असेच कागदावर होते. १९६४ साली मुंबई महापालिकेने आपला विकास आराखडा लोकांपुढे ठेवला आणि सूचना मागवल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांना वाटले, मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. दोन वास्तुशिल्पी, एक इंजिनिअर. हाती सत्ता नाही. वाशीच्या खाडीवर तेव्हा पूलसुद्धा नव्हता! तरी त्यांनी कल्पना मांडली; १९६५ साली ती 'मार्ग' या नियतकालिकात छापून आली. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली पूल झाला. 'हसतील' म्हणून ते तिघे गप्प बसते तर?

इथेच थांबले असते तर तात्पर्य सोपे होते. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा तिला न्यायला येत. एकदा फाटकाशी उभे राहून त्यांनी मला सहज सांगितले, की ही शाळा आहे तिथे त्यांचे भात पिकायचे. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला लागले. या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची.

म्हणजे संकोच दोन आहेत. एक विचारतो, 'लोक मला काय म्हणतील?' दुसरा विचारतो, 'यात लोकांचे काय होईल?' दोघेही 'थांब' म्हणतात, म्हणून आपली फसगत होते. पहिल्याला घराबाहेर काढावा. दुसऱ्याला पाट मांडून बसवावा. पण ओळखायचे कसे? मला एक खूण सापडली आहे. दुसऱ्या संकोचाला जायला एक दार असते. ज्याचे काही जाणार त्याच्याकडे जाऊन विचारता येते. पहिल्याला दारच नसते. तो नुसता घरात येरझारा घालतो.

ही खूण मला उशिरा सापडली. त्या आजोबांच्या शेतावर कादंबरी लिहावी असे मनात होते. 'परक्याचे दुःख आपण कसे लिहावे,' असे म्हणत मी दोन वर्षे थांबले. वाटले, हा सज्जन संकोच. पण सज्जन असता, तर मी उठून त्यांच्या घरी गेले नसते का? मी गेले नाही. गेल्या आषाढात आजोबा वारले. कोणत्या बांधाला काय नाव होते, भरतीचे पाणी कुठवर यायचे, हे सारे त्यांच्याबरोबर गेले.

त्या मुलाला मी एवढेच म्हटले, "हसले तर हसू देत." तो गेला. मुले हसली, थोडीशीच. मग खंदक कुठे खणायचा यावर भांडू लागली. मातीसाठी सगळे फुलझाडांच्या वाफ्याकडे धावले, तेव्हा हाच मुलगा म्हणाला, "थांबा, आधी माळीकाकांना विचारू." माळ्याने वाफा दिला नाही, भिंतीकडेची माती दाखवली. किल्ला तिथे झाला, पुलासकट.

त्या मुलीची आजी अजून आहे. भाऊबीज झाली की फराळाचा डबा घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. वही बरोबर नेईन. पण ती उघडायची की नाही, हे आजीला विचारून.