झोपेतला 'मी' कोण?



स्वप्नात आपण कुणाला मारले, खोटे बोललो, नको त्या मोहाला बळी पडलो, तर ते पाप होते का? धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले हा प्रश्न हमखास विचारतात. मोठ्यांना तो विचारायची लाज वाटते, एवढाच फरक. आम्ही 'नाही' असे उत्तर देतो आणि ते बरोबरच आहे. पण आता मुलांच्या डोळ्यांवर व्हर्चुअल रिअॅलिटीचे हेडसेट चढू लागले आहेत. तेव्हा त्या 'नाही'मागची कारणे एकदा नीट पाहून घेतलेली बरी.

प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा ३८७ साली मिलान येथे झाला. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी 'कन्फेशन्स' हा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या दहाव्या भागात एक अवघड गोष्ट मोकळेपणाने सांगितली. दिवसा ज्या मोहांना ते दूर सारीत, तेच मोह जुन्या सवयींची चित्रे घेऊन रात्री येत, आणि झोपेत मन त्यांना चक्क होकार देई. मग त्या वेळी मी मी नसतो काय, असे ते देवालाच विचारतात. जाग आल्यावर त्यांना शांती लाभते, कारण ते कृत्य त्यांनी केलेले नसते. मात्र ते आपल्यात घडले याची खंत उरते. एका बिशपने हे लिहून ठेवावे, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी हाच प्रश्न थंड डोक्याने सोडवला. झोपेत विवेकबुद्धी बांधलेली असते, म्हणून झोपेत पाप घडत नाही. जागेपणी मनाला मुद्दाम जे खाऊ घातले त्यातून ते स्वप्न उगवले असेल, तर दोष त्या जागेपणीचा. पण त्यांच्याच 'सुम्मा'मध्ये दुसऱ्या एका ठिकाणी बारीक निरीक्षण आहे. कधी कधी, विशेषतः झोप सरत आली की, माणसाला स्वप्नातच कळते की हे स्वप्न आहे. तरीही ती शुद्ध पुरी नसते; झोपेत केलेला युक्तिवाद जागेपणी तपासला तर कुठेतरी चुकलेला निघतो. (सेमिनरीत मार्च महिन्यातल्या दुपारच्या तासाला हा भाग शिकताना आमच्यातले निम्मे जण त्याचा प्रत्यक्ष अनुभवच घेत होते.)

अशा स्वप्नाला आज लुसिड ड्रीम म्हणतात. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू. ही नुसती कल्पना नाही. १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने झोपलेल्या माणसाकडून खूण मिळवली. स्वप्नाच्या वेळी शरीराचे स्नायू निपचित असतात, पण डोळे हलतात. आपण स्वप्नात आहोत हे कळताच त्या माणसाने ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले, आणि यंत्राने ते टिपले.

आता हेडसेटकडे येऊ. आपल्या रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात घुमटावरचे आकाश फिरू लागले की मुले खुर्चीचा हात घट्ट धरतात. पण मान वळवली की शेजारी आई दिसते. हेडसेटमध्ये मान वळवली तरी तेच जग. शरीर घरातल्या सोफ्यावर, आणि 'मी' मात्र दुसरीकडे. आणि हे खरे नाही हे मनाच्या एका कोपऱ्याला ठाऊक. स्वप्नाला याहून जवळची दुसरी गोष्ट माणसाने आजवर बनवलेली नसेल.

मग त्याचा झोपेवर परिणाम होणारच. २००० साली हार्वर्डच्या संशोधकांनी काही लोकांना तीन दिवसांत सात तास टेट्रिस हा खेळ खेळायला लावले. झोप लागताना अनेकांना वरून पडणारे तुकडे दिसू लागले. स्मृती गेलेल्या पाच रुग्णांपैकी तिघांनाही ते दिसले, जरी आपण खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते! २०२० साली माँट्रियलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की हेडसेट लावून उडण्याचा अनुभव घेतलेल्यांना उडण्याची स्वप्ने अधिक पडली. २०२१ साली नेदरलँड्समधून असा अभ्यास आला की चार आठवडे हेडसेटमध्ये स्वप्नासारख्या दृश्यांतून वावरून 'हे खरे आहे का?' असे स्वतःला विचारण्याचा सराव केलेल्यांना सजग स्वप्ने अधिक पडू लागली. हे अभ्यास लहान आहेत. त्यांच्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण दिशा कळते. जागेपणी लावलेली सवय झोपेत शिरते, आणि झोपलेल्याला अर्धवट जागे करते.

इथेच ते जुने 'नाही' थोडे डळमळते. झोपेत बुद्धी बांधलेली असते म्हणून आपण सुटतो. पण जो स्वप्नात आहोत हे जाणून, ठरवून काही करतो, त्याची बुद्धी किती बांधलेली? गंभीर पापासाठी गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती या तिन्ही गोष्टी लागतात, असे ख्रिस्तसभा शिकवते. सजग स्वप्नातली जाणीव अपुरी असते, असे अॅक्वायनस सांगूनच गेले आहेत. म्हणून त्या बाबतीत कुणी जिवाला घोर लावून घेऊ नये. हेडसेटमध्ये मात्र आपण टक्क जागे असतो.

"पण फादर, तिथे मरतं कोण?" मुलांचा हा सवाल रास्त आहे. कुणीच मरत नाही. नाटकात यहूदाचे काम करणारा मुलगा काही विश्वासघातकी ठरत नाही. तो ते काम करतो, पण त्याला तसे व्हायचे नसते. ऑगस्टीन यांचा मित्र अलिपियस याची गोष्ट इथे आठवावी. मित्रांनी त्याला ओढत रोमच्या रंगभूमीत नेले, जिथे माणसे माणसांना कापीत. पाहायचे नाही म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. एकदम आरोळी उठली, त्याने डोळे उघडले, आणि त्या रक्ताची त्याला नशा चढली. त्याने कुणावर हात उगारला नव्हता, पण घरी परतला तो दुसराच अलिपियस. रोज संध्याकाळी एखाद्याला त्या खोट्या जगात तडफडताना बघून ज्याला मजा येते, त्याच्या आत काहीतरी खरेच घडत असते. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात पापाचे मूळ नजरेत आणि हृदयात शोधले, ते उगीच नव्हे. आणि तीच मजा पुढे स्वप्नात उगवली, तर अॅक्वायनसच्या हिशेबाने जमाखर्च संध्याकाळच्या खात्यावर पडेल.

म्हणून हेडसेट घरातून फेकून द्या, असे आम्ही सांगणार नाही. आकाशात उडायचे असेल तर मुलांनी खुशाल उडावे. झोपण्याआधीचा तास मात्र मोकळा ठेवावा. शयनसमयीच्या प्रार्थनेतल्या प्राचीन लॅटिन स्तोत्रात रात्रीची दुष्ट स्वप्ने दूर ठेव, अशी विनवणी शतकानुशतके होत आली आहे. शेवटी काय पाहून डोळे मिटतो याला महत्त्व आहे, हे त्या मठवासीयांना यंत्रावाचून ठाऊक होते.

आणखी एक काळजी वाटते. संत योसेफ यांनी आपले स्वप्न घडवले नव्हते. त्यांना ते मिळाले, आणि रात्रीच उठून ते बाळाला घेऊन इजिप्तला निघाले. आपल्या मराठी मुलखात तुकाराम महाराजही सांगतात की नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी अभंगरचनेचे काम सोपवले. स्वप्नाची सारी सूत्रे आपल्याच हाती आली, तर आपल्याशी बोलायला दुसऱ्या कुणाला जागा उरेल का?

उरू शकते. सुमारे ४१५ साली ऑगस्टीन यांनी एवोदियस या मित्राला लिहिलेल्या पत्रात कार्थेजच्या जेन्नाडियस या वैद्याची हकिगत आहे. मरणानंतर जीवन आहे का, असा संशय या दयाळू माणसाला एके काळी होता. स्वप्नात एका तरुणाने त्याला एका नगरात नेले, तिथे त्याने मधुर गायन ऐकले. दुसऱ्या रात्री तोच तरुण पुन्हा आला आणि विचारू लागला, तुझे शरीर आता कुठे आहे? अंथरुणावर, जेन्नाडियस म्हणाला. हे स्वप्न आहे हे त्याला ठाऊक होते. मग तुझे डोळे मिटलेले असताना तू मला कोणत्या डोळ्यांनी पाहतोस? जेन्नाडियसला उत्तर सुचेना. तेव्हा तरुणाने समजावले की देहाचे डोळे कायमचे मिटल्यावरही तू असाच जिवंत असशील, असाच पाहशील. त्यानंतर जेन्नाडियसचा संशय फिटला, असे ऑगस्टीन लिहितात.