राखता येणारे घर

अलीकडे नगररचनाकार, वास्तुविशारद आणि त्यांचे आश्रयदाते यांच्या मेळ्यांत इमारतींच्या ऊर्जाबचतीविषयी जी चर्चा चालते, ती ऐकून घर म्हणजे मुख्यतः वीज खाणारे यंत्र असून त्याची भूक किती टक्क्यांनी घटवली एवढ्यावरच त्याची पुण्याई ठरते, असा कोणाचा समज झाला तर नवल नाही. काचेच्या मनोऱ्याला उत्तम प्रतीचे वातानुकूलन बसवले की त्याच्या दाराशी प्रमाणपत्राची पाटी लागते. हा मनोरा मुळात काचेचा का असावा, हे विचारणे मात्र असभ्यपणाचे समजले जाते. २०१८ साली केंद्र सरकारने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ सिद्ध केली, तीही ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींचाच विचार करते. आणि त्याच सरकारच्या ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्रफळ आहे २५ चौरस मीटर. एका दप्तरात ऊर्जा, दुसऱ्यात दारिद्र्य. दोन्ही फायली एका टेबलावर येण्याचा योग सहसा येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला माणिकगडच्या पहाडावर पसरलेल्या जिवती तालुक्यात या फायली आपोआप एकमेकींना भिडतात. गोंड आणि कोलाम या आदिवासींचा हा मुलूख १९५६ पर्यंत निजामाच्या जुन्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. पुढे हा मुलूख ज्यात होता तो राजुरा तालुका नांदेडमार्गे १९५९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याला जोडला गेला. पहाडाखाली, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या टापूत सिमेंटचे कारखाने उभे आहेत. भट्टीत चुनखडी भाजताना दर १०० किलो शुद्ध दगडामागे ४४ किलो कर्बवायू खुद्द दगडातूनच सुटतो. भट्टी कोळशावर चालो की सूर्यावर, हा आकडा बदलत नाही. म्हणून ज्या कुटुंबाकडे दोन दिवे व फार तर एक पंखा आहे, त्याच्या घराचा कर्ब विजेच्या मीटरवर शोधणे व्यर्थ होय. तो भिंतीत व छतात बसलेला असतो, आणि बांधकाम पुरे होण्याच्या दिवशीच त्याचा बहुतेक हिशेब मिटलेला असतो.

आता कोलामगुड्यावरील, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरील, जुने घर पाहू. बांबूच्या कामट्या विणून उभा केलेला कुड, त्यावर दोन्ही अंगांनी माती व शेणाचे लिंपण, वर गवत किंवा देशी कवेलू, आणि छपराची वळचण इतकी खाली उतरलेली की आत शिरताना उंच माणसाला मान लववावी लागते. कुडाची भिंत जाड नसते. तिची खुबी अशी की ती उष्णता साठवून ठेवीत नाही, खाली उतरलेली वळचण तिच्यावर ऊन पडू देत नाही आणि कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. याच्या शेजारी योजनेतून मिळालेले घरकुल असते. जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नित्याचे, तिथे चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली झोपणाऱ्यावर ओततो. शिवाय काँक्रीटला किमान आठवडाभर पाणी पाजावे लागते, ही गोष्ट प्रत्येक गवंडी जाणतो. पण ज्या पहाडावर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी झऱ्यावर रांग लागते, तिथे स्लॅबवर हंडे कोण रिकामे करणार? तो स्लॅब कच्चा राहतो व काही पावसाळ्यांतच गळू लागतो. मग धान्य, खत व शेळ्या घरकुलात, आणि चूल व अंथरूण मागच्या कुडात, अशी वाटणी झाली तर तीत अडाणीपणा शोधण्याचे कारण नाही.

येथे एक आक्षेप उभा राहतो. तो आक्षेपकांतील सर्वांत प्रामाणिक माणसाचा असल्याने त्याची दखल नीट घेतली पाहिजे. तो म्हणतो: तुम्ही स्वतः सिमेंटच्या घरात राहता आणि कोलामाला माती सुचवता, ही कोणती समता? पृथ्वीच्या तापाचे प्रायश्चित्त ज्याने ताप निर्माण केला नाही त्याने का घ्यावे? हा प्रश्न मला निरुत्तर करीत नाही, पण अस्वस्थ करतो, हे कबूल केले पाहिजे. मातीच्या विश्रामगृहात शनिवार-रविवार घालवून ग्रामजीवनाची स्तुती करणाऱ्यांशी मला काही कर्तव्य नाही. फ्लाय अॅशच्या विटेने सर्व प्रश्न सुटतात असे मानणाऱ्यांशीही नाही. परंतु या आक्षेपात समता ही साहित्याची मानली आहे, निवाऱ्याची नव्हे. सधन माणसाच्या स्लॅबखाली पंखा, वातानुकूलन आणि गळती थांबवायला बोलावता येणारा कारागीर असतो; कोलामाला त्यांतला केवळ स्लॅब दिला जातो, आणि यालाच समता म्हणायचे, तर जोड्यांपैकी एकच पायताण देऊन दोघांना सारखे वागवल्याचे समाधानही मानता येईल. आक्षेपक म्हणेल, मग उरलेलेही द्या. अवश्य द्यावे, पण ते कोणी देत नाही, देण्याचा विचारही कोणत्या मसुद्यात दिसत नाही, आणि तोवर तापलेल्या खोलीत झोपायचे आहे ते त्यालाच.

आक्षेपकाकडे याहून धारदार शस्त्र आहे, ते तो क्वचित वापरतो. कुडाला दरवर्षी लिंपावे लागते, आणि ते लिंपण बहुधा बायकांच्या हातून होते. माती खणणे, वाहणे, शेण कालवणे, हे सगळे बिनमोल. हे खरे आहे. बांबूला भुंगा लागतो, आणि बांबू जळतोही. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीत बांबूचीच बांधलेली बांबू संशोधन केंद्राची इमारत २०२२ साली आगीत सापडली, हेही खरे आहे. त्यामुळे जुने घर जसेच्या तसे राखावे असे मी म्हणत नाही. दगडी जोते, बोरॅक्स-बोरिक आम्लाने मुरवलेला बांबू, लिंपणात थोडा चुना, चुलीभोवती विटांची भिंत, एवढी भर त्यात घालता येते, आणि ती घालणारा गवंडी गावातूनच तयार होऊ शकतो.

माझा मुद्दा टिकाऊ घर आणि राखता येणारे घर यांतील भेदाचा आहे. शासनाची पक्क्या घराची कल्पना अशी की वाजवी देखभालीत ते किमान ३० वर्षे उभे राहावे. म्हणजे भर टिकण्यावर, राहणाऱ्याच्या हाताने राखण्यावर नव्हे. सावकाश झिजणारे घर राहणाऱ्याच्या हाती असते. न झिजणारे घर, जे शेवटी झिजतेच, ते कंत्राटदाराच्या हाती जाते. घर राखण्याचे साहित्य व हुन्नर गावात असेल तर कर्ब, थंडावा आणि स्वायत्तता या तिन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून साधतात. ते नसेल तर तिन्हींसाठी तीन स्वतंत्र योजना काढाव्या लागतात.

आणि साहित्य गावात असणे हा केवळ निसर्गाचा नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे. कुडाचे घर हलाखीचे झाले ते त्याच्या अंगच्या दोषाने कमी आणि जंगल बंद झाल्याने अधिक; मयाल व कामट्या तोडणे हा गुन्हा ठरल्यावर माणूस कुजके वासे बदलायचे टाळू लागला. हा पहाड निजामाकडे असताना, मध्यप्रांतातील चांद्याला निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या गावकऱ्यांच्या वापरहक्कांच्या नोंदींचा निदान कागदी आधार तरी होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराचा हक्क कोणत्याही नावाने, माजी संस्थानांतील नावांसह, मान्य केला, बांबूला गौण वनोपज ठरवले, आणि कोलामांसारख्या आदिम जमातींच्या वसतिस्थानाचा हक्क वेगळा नोंदवला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने बांबूचा हक्क कसा वापरावा हे दाखवूनही दिले आहे. पण वनहक्क समितीच्या ठरावात व घरकुलाच्या मंजुरी आदेशात एकमेकांचा उल्लेख नसतो. २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत आदिम जमातींच्या घरकुलासाठी २ लाख रुपये ठरले, ते हप्त्याहप्त्याने, बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे पाहून मिळतात. त्या हप्त्यांत दहाव्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला एकही नाही. बांधकामासाठी ९० दिवसांची अकुशल मजुरी रोजगार हमीतून देण्याची तरतूद करता आली, तर दरसालच्या लिंपणाची मजुरी, ती करणाऱ्या बाईच्या नावे, त्याच हिशेबात का बसू नये, याचे उत्तर शासकीय निर्णय लिहिणाऱ्यांनी द्यायचे आहे.