बंदी कुणावर?

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, त्या वारशाचा हा मान. तरी बारावीत माझ्या वर्गमित्राला पहिला घोट गावातच मिळाला. पुढे तो पैशासाठी बाटल्या पोचवू लागला.

गावातल्या बाया एकत्र येऊन दारूभट्ट्या फोडायच्या, तेव्हा मला अभिमान वाटायचा. त्याच दिवसांत मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

शेजारच्या चंद्रपुरात २०१५ला बंदी आली, २०२१ला उठली. आपण कायद्यावरच भांडत राहतो. पण भट्टी फोडताना बायांनी गुत्तेवाल्यांचं वैर पत्करलं. मित्र तोडताना मी काय पत्करलं? बंदी दारूवर हवी, पोरावर नको. संध्याकाळी त्याला हाक मारणारे फक्त गुत्त्यावरचेच उरले, तर तो तिकडेच जाणार.