चोर हातीं सांपडल्यावर

समजा, एका गृहस्थानें सकाळीं नायगांव स्टेशनाबाहेर आपली सायकल कुंपणाला लावून कुलूप घातलें आणि लोकल गाडीनें तो मुंबईस कामाला गेला. संध्याकाळीं तो परत येतो, तों एक अनोळखी मनुष्य त्याच सायकलीपाशीं ओणवा होऊन कुलूप तोडीत आहे. फलाटावरून माणसांचा लोंढा उतरत आहे. मालकानें एक हांक मारली तर पन्नास जण धांवून येतील. अशा वेळीं त्या मालकानें काय करावें?

प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु मनुष्याचें अंतःकरण असल्या अचानक प्रसंगींच उघडें पडतें, कारण तेथें विचार करावयास अर्धा मिनिटहि मिळत नाहीं. जें आधीं ठरविलेलें नाहीं, तें त्या अर्ध्या मिनिटांत सुचत नाहीं. हात मात्र आपोआप उठतो. म्हणून घरीं शांतपणें बसलों असतां ह्या प्रश्नाचें उत्तर ठरवून ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें स्पष्ट सांगूं कीं, ज्याची सायकल जाते त्याची हानि आम्ही थोडी मानीत नाहीं. पहांटे मिठागरावर जाणारा मजूर, घरोघर दूध घालणारा गवळी, एकाच दिवशीं दोनतीन वस्त्यांस भेट देणारा ग्रामोपदेशक, ह्यांची सायकल म्हणजे त्यांचे पायच होत. ती गेली तर दिवसाची मजुरी जाते, आणि कधीं कधीं नोकरीहि जाते. अशा मनुष्यास "जाऊं द्या हो, एवढें काय!" असें सांगणें म्हणजे दुसऱ्याच्या खिशांतून दानधर्म करणें होय. त्यास राग आला तर तो रागहि आम्ही पाप म्हणत नाहीं. प्रश्न एवढाच आहे कीं, त्या रागाच्या हातीं काय काय द्यावें.

ह्याच विषयावर १९४८ सालीं इटली देशांत व्हित्तोरिओ द सीका ह्या दिग्दर्शकानें एक चित्रपट काढिला. त्याच्या नांवाचा अर्थ 'सायकल-चोर' असा आहे. जानेवारी १९५२ मध्यें मुंबईस भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हां तो तेथें दाखविण्यांत आला. गोष्ट साधी आहे. रोम शहरांतील एका बेकार मनुष्यास भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचें काम मिळतें. पण त्यास सायकल पाहिजे. बायको घरांतील चादरी गहाण टाकून गहाण पडलेली सायकल सोडवून आणिते. कामाच्या पहिल्याच दिवशीं ती चोरीस जाते. आपल्या लहान मुलाला बरोबर घेऊन तो सारें शहर धुंडाळतो, पण सायकल मिळत नाहीं. शेवटीं हताश होऊन तो स्वतःच दुसऱ्याची सायकल पळवितो व लागलाच पकडला जातो. लोक त्याला धक्काबुक्की करितात. मुलगा रडत त्याच्याकडे धांवतो. सायकलीचा मालक त्या मुलाकडे पाहतो आणि त्या मनुष्यास सोडून देण्यास सांगतो.

प्रत्येक चोराला असेंच सोडून द्यावें, हें शिकविण्यासाठीं आम्ही ही गोष्ट सांगत नाहीं. परंतु तींत एक विचार आहे. आज चोर म्हणून पकडलेला हा मनुष्य कालपरवां स्वतःच सायकलीचा मालक होता व स्वतःच नाडला गेला होता, हें चित्रपट पाहणारास ठाऊक असतें. भोंवतीं जमलेल्या लोकांस ठाऊक नसतें. त्यांनीं त्या मनुष्याच्या आयुष्याचा फक्त शेवटचा मिनिट पाहिलेला असतो. आम्हीहि जेव्हां कोणाला कुलूप तोडतांना धरितों, तेव्हां त्याच्या आयुष्याचा एक मिनिटच पाहिलेला असतो. तेवढ्यावरून सायकल परत घेतां येते. पण तेवढ्यावरून मनुष्याचा निवाडा करितां येत नाहीं.

तर मग चोरीमुळें मालकास कोणता हक्क मिळतो? आमच्या मतें एकच. आपली वस्तु परत घेण्याचा, व ती घेण्यापुरता चोरास अडविण्याचा. चोराच्या देहावर त्याला कोणताहि हक्क मिळत नाहीं. चोरानें सायकलीस हात लाविला म्हणून तो मनुष्य आमच्या मालकीचा झाला नाहीं.

हें नवीन मत नव्हे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांतील मोशेचा नियम आमच्या वाचकांनीं पुन्हां एकदां काढून पाहावा. रात्रीं घर फोडतांना सांपडलेला चोर मार लागून मेला, तर घरधन्यावर रक्तपाताचा दोष नाहीं. पण सूर्य उगवल्यावर तसें घडलें तर दोष आहे. कारण उघड आहे. अंधारांत आलेला कोण, एकटा कीं दहा, हातांत शस्त्र आहे कीं नाहीं, हें घरधन्यास दिसत नाहीं. तो प्राणभयानें वार करितो. दिवसां त्यास सर्व दिसत असतें. म्हणजे अंधारांत भीतीला जी सूट आहे, ती उजेडांत रागाला नाहीं. पुढें त्याच ठिकाणीं चोरीचा दंड म्हणून भरपाई सांगितली आहे. चोरलेलें जनावर जिवंत हातीं लागलें तर दुप्पट. ज्याच्यापाशीं भरण्यास कांहींच नाहीं त्यास विकावें, असा त्या काळचा कठोर नियमहि तेथें आहे. पण भर दिवसां चौकांत त्याला बडवावें, असें तेथेंहि नाहीं.

आतां आजचा कायदा पाहा. १८६० सालची जुनी दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली आहे. तिच्या ३०३ व्या कलमाप्रमाणें चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. पुन्हां चोरी करून दोषी ठरणारास एक ते पांच वर्षें सक्तमजुरीची कैद सांगितली आहे. परंतु चोरलेल्या मालाची किंमत पांच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी पहिल्यानेंच दोषी ठरला असेल, आणि त्यानें माल अथवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्यास तुरुंगांत न पाठवितां समाजसेवेची शिक्षा द्यावयाची आहे. जुन्या सायकलीची किंमत बहुधा ह्या मर्यादेच्या आंतच येते. आपला माल राखण्यासाठीं जरूर तेवढें बळ वापरण्यास कायद्याची परवानगी आहे, जरुरीपेक्षां अधिक वापरण्यास नाहीं. सामान्य मनुष्यास गुन्हेगाराला पकडून ठेवण्याची जी मुभा आहे, ती आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यापुरतीच आहे. आणि तेथेंहि त्यास सहा तासांच्या आंत पोलिसांच्या हवालीं केलें पाहिजे. पांच हजारांखालची चोरी तर त्या वर्गांत धरिलेलीच नाहीं. मोशेचा काळ व आमचा काळ ह्यांत हजारों वर्षांचें अंतर आहे. तरी सांपडलेल्या चोराचें शरीर मालकाच्या स्वाधीन करण्यास दोन्ही कायदे तयार नाहींत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, "दोन थपडा मारल्या तर कोठें बिघडलें?" बिघडतें असें कीं, त्या दोन थपडा दोनच राहत नाहींत. मालकानें "चोर! चोर!" म्हणून ओरडून पहिला हात टाकिला कीं, ज्यांची सायकल गेली नाहीं, ज्यांनीं कांहीं पाहिलें नाहीं, असे लोक पुढें सरसावतात. प्रत्येकाला वाटतें कीं, आपण एकच फटका मारला. शंभर जणांनीं एक एक फटका मारला म्हणजे मनुष्य मरतो, आणि खून कोणी केला हें विचारलें असतां कोणीच पुढें येत नाहीं. २२ फेब्रुवारी २०१८ रोजीं केरळांत अट्टप्पाडी येथें तांदूळ वगैरे जिन्नस चोरल्याच्या आरोपावरून एका आदिवासी तरुणास लोकांनीं हात बांधून मारिलें, व त्यांत त्याचा प्राण गेला. २०२३ सालीं न्यायालयानें ह्या प्रकरणीं चौदा जणांस दोषी ठरविलें. आणि एवढ्या दूर जावयास नको. आमच्याच पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, चोर व मुलें पळविणारे फिरत आहेत ह्या अफवेवरून, जमावानें दोन साधू व त्यांचा गाडीचालक अशा तिघांस ठार मारिलें. ते चोर नव्हते. एका अंत्यविधीसाठीं सुरतेकडे निघाले होते.

ह्यावरून दोन कर्तव्यें निघतात. पहिलें हें कीं, ओरडण्यापूर्वीं विचारावें. काळ्या रंगाच्या दोन सायकली एकमेकींसारख्या दिसतात. किल्ली हरविलेला मनुष्य स्वतःचेंच कुलूप तोडीत असूं शकतो. "ही सायकल कोणाची?" हा साधा प्रश्न मोठ्यानें विचारावा. निर्दोष मनुष्य उत्तर देईल. दोषी बहुधा सायकल टाकून पळेल, आणि पळाला तर त्याच्यामागें धांवण्याची गरज नाहीं, कारण सायकल तेथेंच आहे. खरेदीची पावती व फ्रेमवर कोरलेला नंबर घरीं लिहून ठेवावा, म्हणजे पोलिसांपुढें वाद राहणार नाहीं. दुसरें कर्तव्य हें कीं, लोक जमलेच तर मालकानें चोर व जमाव ह्यांच्या मध्यें उभें राहावें. ज्याची वस्तु गेली त्याचाच शब्द त्या वेळीं लोक ऐकतात. "माझी सायकल मिळाली, कोणी हात लावूं नका," असें त्यानें म्हटलें तर बहुतेकांचे हात खालीं येतील. तें तो बोलला नाहीं, तर पुढें जें घडेल त्यांत त्याचाहि वांटा आहे.

येथें एक आक्षेप निघतो, आणि तो खरा आहे. असे सौम्य वागूं लागलों तर चोर सोकावतील, आज आमची सायकल वांचली तर उद्यां शेजाऱ्याची जाईल. ह्यास आमचें उत्तर असें कीं, मारणें नाहीं म्हणजे सोडून देणें नव्हे. आमचें जें नुकसान झालें त्याची क्षमा आम्ही करूं शकतों. शेजाऱ्याच्या उद्यांच्या नुकसानीची क्षमा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. म्हणून कुलूप तोडण्याचीं हत्यारें घेऊन फिरणारा सराईत चोर असेल, तर पोलिसांस वर्दी देणें हेंच शेजारधर्मास धरून आहे. बारा वर्षांचा मुलगा असेल, तर त्याच्या आईबापांच्या घरीं त्याला घेऊन जावें, आणि त्याच्यादेखत त्यांच्याशीं बोलावें. पोटासाठीं पहिल्यानेंच हात घातलेला असेल, तर तोडलेल्या कुलपाची किंमत त्याच्याकडून कामाच्या रूपानें भरून घ्यावी. मार खाल्लेल्यास वाटतें कीं, हिशेब फिटला. ज्यानें दोन दिवस काम करून भरपाई केली, त्यास तीच हिंमत पुढेंहि उपयोगीं पडते. जक्कयानें ज्यांस लुबाडलें होतें त्यांस चौपट परत देऊं केलें, आणि पौलानें चोरी करणारास आपल्या हातांनीं कष्ट करून गरजवंतांस देणारा होण्यास सांगितलें, ह्याचा भावार्थ हाच आहे.

शेवटीं आणखी एक गोष्ट सांगितल्याविना राहवत नाहीं. चोर धरिला कीं लोक पहिला प्रश्न विचारतात, "कोण रे तूं? कुठला?" आणि उत्तरावर माराचें प्रमाण ठरतें. नायगांवासारख्या ठिकाणीं, जेथें जुन्या वस्तीशेजारीं दूरदूरच्या प्रांतांतून आलेलीं कुटुंबें राहत आहेत, तेथें हा प्रश्न फार धोक्याचा आहे. परका निघाला तर त्यास बडवितात. ओळखीच्या घरचा निघाला तर अब्रूखातर प्रकरण दाबून टाकितात. दोन्ही अन्यायच. जन्मावरून चोर ठरविण्याचा अन्याय ह्या देशांत कायद्यानेंहि झाला आहे. १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्यानें सबंध जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला गेला; सोलापुरास त्या लोकांसाठीं तारेच्या कुंपणाच्या वसाहती होत्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला, पण शिक्का पुसण्यास फार दिवस लागले. लक्ष्मण गायकवाड ह्यांनीं आपल्या जमातीचें जिणें 'उचल्या' ह्या आत्मकथनांत १९८७ सालीं लिहिलें व पुढल्या वर्षीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चोरांची म्हणून हिणविलेल्या वस्तींत असा लेखक वाढत होता, हें बाहेरून काठी घेऊन येणारास कसें दिसावें? आमच्या मंडळ्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांसहि गांवानें असेंच दुरून व संशयानें पाहिलें होतें. तें ज्यांस आठवतें त्यांनीं तरी "कुठला?" हा प्रश्न तोंडांतून काढूं नये.

तेव्हां ग्रामोपदेशकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं हा विषय एखाद्या संध्याकाळीं मंडळीपुढें मांडावा, आणि ज्यांची सायकल किंवा कोंबडी किंवा भांडें खरोखर गेलेलें आहे, त्यांस प्रथम बोलूं द्यावें. त्यांचें दुःख ऐकून झाल्यावर मग एवढेंच विचारावें कीं, वस्तु परत मिळाल्यावर आणखी काय हवें होतें? त्या उत्तराचा विचार ज्यानें घरीं केला आहे, त्याला स्टेशनाबाहेर अर्धा मिनिट पुरेल.